सत्तावीस नंबरची चूल

"रेघ सपाट दिसली की आधी दार वाजवायचं. फॉर्म मग."

थोरलीने हे पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं. ऑफिसच्या पायरीवर बसून, चपलेत रुतलेला खडा सेफ्टी पिनेने काढता काढता. धाकटीने मान हलवली आणि पायरीवरून उठायच्या आत ते विसरूनही गेली. आपण विज्ञानाच्या पदवीधर, आणि आलेख कसा वाचायचा ते दहावी झालेल्या जावेने आपल्याला शिकवायचं, हे तिला जरा जास्तच वाटलं होतं.

काम म्हटलं तर सोपं होतं. वस्तीत घरोघरी नवी चूल दिलेली. बाहेरून पत्रा, आत भाजक्या मातीचं अस्तर, तोंड लहान. निम्म्या लाकडात स्वयंपाक होणारी आणि धूर जवळजवळ नाहीच. त्यातल्या ऐंशी घरांत चुलीच्या पायाला काडेपेटीएवढी काळी डबी तारेने बांधलेली होती. चूल तापली की डबीला कळायचं, आणि ऑफिसातल्या पडद्यावर त्या घराच्या रेघेला उंचवटा यायचा. सकाळचा एक, संध्याकाळचा एक. मधून नाला गेलेला. नाल्याच्या अलीकडची चाळीस घरं धाकटीची, पलीकडची चाळीस थोरलीची. मध्ये दोन फळ्यांचा पूल.

"म्हणजे जो धूर निघालाच नाही, तो आपण विकायचा," थोरली म्हणाली होती. "आमच्या आजीला हे सांगितलं असतं ना, तर तिने मला आधी डॉक्टरकडे नेलं असतं."

साहेब हसले होते. प्रकल्पाचे साहेब तसे भले गृहस्थ. शर्टाच्या खिशात चार पेनं आणि चारही आटलेली. ते म्हणाले, "विकायचाच. दूरच्या शहरातल्या कंपन्या घेतात. त्यांच्या कारखान्यांचा धूर लगेच थांबवता येत नाही, म्हणून त्या आपल्या न निघालेल्या धुराचे पैसे देतात. पण पूर्वी काय व्हायचं? पाच वर्षांतून एकदा कोणीतरी यायचा, 'चूल वापरता का?' विचारायचा. बाई म्हणायची हो. नाही म्हटलं तर चूल उचलून नेतील ना. त्या एका 'हो'वर पाच वर्षांचा धूर विकला जायचा. मग एकदा कोणीतरी खरोखर स्वयंपाकघरात डोकावलं, तर निम्म्या चुलींत कोंबड्या अंडी घालत होत्या."

"कोंबड्यांना तरी ऊब मिळाली," थोरली म्हणाली.

"बाजार बसला. म्हणून आता नवे नियम. विचारायचं नाही, मोजायचं. आणि जे मिळेल त्यातला निम्मा वाटा वस्तीकडे परत यायचा. टेकडीपलीकडच्या वस्तीला तीनशे चुली द्यायच्यात, त्या यातूनच. यंदाची पडताळणी नीट झाली तर."

पडताळणी झाल्यावर दोघींपैकी एकीला टेकडीपलीकडची पर्यवेक्षक करणार होते. ज्या बाजूच्या कमी चुली बंद, तिला. बरोबरी झाली तर जिची नोकरी जुनी तिला, म्हणजे थोरलीला. साहेबांनी हे सहज, कपात बिस्किट बुडवत सांगितलं. धाकटीच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

तिला ती जागा हवी होती. पण त्याहून जास्त, ती थोरलीला मिळायला नको होती. हे तिने स्वतःशीसुद्धा कधी या शब्दांत म्हटलं नव्हतं.

दोघी एकाच घरात राहायच्या. दोन-दोन खोल्या, मध्ये सामाईक अंगण, एकच नळ. थोरलीची मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळे तिचे हात सदा मोकळे. धाकटीची चिमी दीड वर्षाची. जरा गार वारा लागला की तिची छाती घुरघुरायची. मग धाकटी घड्याळ समोर ठेवून तिचे श्वास मोजायची. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. चिमीचा ताप, चिमीचं वजन, चिमीच्या शीचा रंग, सगळं तिच्या वहीत तारखेनिशी होतं. आणि ही चिमी, रडायला लागली की दोन्ही हात पसरायची ते अंगणापलीकडे बघून.

"मोठीआई."

तिचा पहिला स्पष्ट शब्द तोच. थोरली तिला खांद्यावर टाकायची, पाठीवर दोन थापा मारायची, आणि आईच्या मांडीवर तासभर किंचाळणारी पोर पाच मिनिटांत मान टाकायची.

"तू फार घट्ट धरतेस तिला," थोरली म्हणायची. "पोराला कळतं आपण घाबरलोय ते."

खरं असेल. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येणार नाही, असं थोडंच आहे.

कामातही तेच. थोरलीच्या चाळीस घरांत सपाट रेघ क्वचित. कुणाच्या चुलीतली लाकडाखालची जाळी जळाली, ही बदलून देणार. कुणी चूल माळ्यावर टाकली, ही खाली काढून, पुसून, पेटवून, त्यांच्याच कपातून चहा पिऊन येणार. धाकटी वेळेवर जायची, नीट अक्षरात नोंदी करायची, हवेतल्या सूक्ष्म कणांबद्दल समजावून सांगायची. बायका ऐकून घ्यायच्या आणि निघताना म्हणायच्या, "बरं, तुमच्या जाऊबाईंना जरा पाठवा ना. चुलीचं दार लागत नाहीये."

अपवाद एकच. सत्तावीस नंबरची घंटाकाकू.

काकू म्हणजे शाळेतली शिपाई. तीस वर्षं घंटा वाजवून निवृत्त झालेली. नात्याची एक पुतणी, ती दूर शहरात. नाल्याच्या काठचं शेवटचं घर. एका बाजूला बंद पडलेली गिरणी, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याचं दुकान, दिवसभर ठाणठाण. त्या गोंगाटात काकू सकाळी सहाला चूल पेटवायची आणि संध्याकाळी सहाला. पडद्यावर तिची रेघ बघावी. ऐंशी रेघांत अशी रेघ नव्हती. उंचवटे जणू पट्टी लावून काढलेले.

"शाळा सुटली गं, पण वेळ काही सुटत नाही," काकू म्हणायची.

डबी बांधायला धाकटी पहिल्यांदा गेली तेव्हा काकूने चष्मा कपाळावर चढवून ती बारकाईने पाहिली होती.

"ही काय करते?"

"ही मला सगळं सांगते. तुम्ही चूल कधी पेटवली, कधी विझवली. मी तिथे बसून बघते."

"रोज बघतेस?"

"रोज."

"बरं झालं बाई," काकू म्हणाली. "कुणीतरी बघतंय म्हणजे." आणि त्या दिवसापासून ती डबीवरची राख फडक्याने पुसायला लागली.

धाकटीला फार बरं वाटलं होतं. हे एक घर तरी माझं, असं. पुढच्या महिन्यात कळलं की थोरली रोज संध्याकाळी घरी येताना वाट वाकडी करून, पूल ओलांडून काकूकडे डोकावते. चुलीतली राख काढून देते, लाकडं दाराशी ओढून ठेवते, दोघी चहा पितात. काकूनेच कौतुकाने सांगितलं: "तुझी जाऊ म्हणजे सोनं आहे सोनं."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळी वस्ती हिची, सासूबाईंच्या तोंडी नाव हिचं, माझ्या पोटची पोर हिच्याकडे धावते. आता हे एक घर होतं, तिथेही ही आधीच जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांसमोर बोलली, आणि कॉलेजातले शब्द वापरून बोलली. "सर, दुसऱ्या विभागातल्या कर्मचाऱ्याने नमुन्यातल्या घरात जाऊन चुलीला हात लावला तर मापन दूषित होतं. पडताळणीत हा आक्षेप येऊ शकतो."

साहेबांनी डोकं खाजवलं. मुद्दा खोटा नव्हता. त्यांनी चिठ्ठी काढली: कोणीही नाला ओलांडून दुसरीच्या विभागात कामासाठी जाऊ नये.

थोरलीने चिठ्ठी दोनदा वाचली. "कामासाठी म्हणजे? चहाला गेलेलं चालेल?"

"ताई, चहाबरोबर तुम्ही राख पण काढता," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, चिमीच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. "बरं," ती म्हणाली. "तुझी बाजू. पण रोज जात जा गं. एकटी बाई आहे."

"डबी आहे ना ताई. मला इथे बसून दिसतं."

मोजणीचा शेवटचा आठवडा आला तेव्हा धाकटी आयुष्यात पहिल्यांदा जावेच्या पुढे होती. एका घराने. थोरलीच्या बाजूचं एक कुटुंब चूल बंद करून घर सोडून गेलं होतं. धाकटी दिवसातून दहादा पडदा उघडायची, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या रेघा कमी बघायची, थोरलीच्या जास्त. कुणाचा उंचवटा बुटका झाला, कुणाची सकाळ चुकली. दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्याला स्वतःचं गार झालेलं कळत नाही, तसं काहीसं चाललं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने सत्तावीस नंबर उघडला. रेघ सपाट.

सकाळचा उंचवटा नाही. संध्याकाळचे साडेसहा झाले, तोही नाही.

तिच्या मनात पहिला विचार काय यावा? बुधवारी काकू सहज म्हणाली होती, "तुझ्या जावेचा निरोप आला होता पेटीवाल्याकडून. जाळी पातळ झाली असेल तर एक दिवस चूल थंड ठेव म्हणाली, मग बदलता येते." धाकटीने तेव्हा हूं म्हणून सोडून दिलं होतं. आता तिला ते आठवलं, आणि सगळं लख्ख दिसलं. थंड ठेव म्हणे. शेवटच्या आठवड्यात. पूल ओलांडायचा नाही तर निरोप पाठवायचा. वा ताई.

शुक्रवारी सकाळी रेघ सपाट. नियम असा होता की आठवड्यात पाच दिवस चूल पेटली तर घर चालू. आणखी एक दिवस गेला की काकू यादीतून गळणार, दोघींची बरोबरी होणार, आणि बरोबरी म्हणजे थोरली.

वस्ती ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. जाऊन यायला अर्धा तास. पण त्या दिवशी चिमीला बरं नव्हतं, पाळणाघरातून दोनदा फोन आला होता, आणि खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण हे की काकूच्या तोंडून 'तुझ्या जावेनेच सांगितलं' हे ऐकायची तिची तयारी नव्हती. आपण तिथे रडू, अशी तिला भीती वाटत होती.

फॉर्मवर चार रकाने होते. एक, चूल चालू. दोन, चूल बंद. तीन, घराला कुलूप. चार, डबी बिघडली. दोन लिहिलं तर घर आपल्याविरुद्ध मोजलं जायचं. चार लिहिलं तर घर मोजणीतूनच वगळायचे. ना नफा ना तोटा, आघाडी कायम.

तिने सत्तावीसपुढे चार लिहिला. नवी डबी मागवली. आकडा इतका सुबक आला की तिने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी नळावर थोरली चिमीची दुधाची बाटली विसळत होती. चिमी तिच्या पायाला मिठी मारून उभी.

"काल साहेबांच्या पडद्यावर सहज दिसलं," थोरली म्हणाली. "घंटाकाकूंची रेघ सपाट आहे. गेली होतीस का?"

"डबी बिघडलीय."

"बघितलीस?"

"दिसतंय ना ताई."

"अगं, डबी बिघडली तर रेघ तुटते. मध्येच नाहीशी होते. सपाट राहिली म्हणजे डबी चांगली आहे, चूल थंड आहे."

धाकटीला हे माहीत होतं. प्रशिक्षणात तिनेच वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं. आणि हे आपल्याला हिने सांगावं, तेही माझ्या पोरीची बाटली हातात धरून.

"चूल थंड का आहे ते तुम्हालाच माहीत असेल," ती म्हणाली. "निरोप तुम्हीच पाठवला होतात."

थोरलीने नळ बंद केला. "मी? मी म्हटलं जाळी पातळ वाटली तर सांग, तुझ्या बाईला सांग. म्हणजे तुला. एक दिवस, गं. आज तिसरा उजाडला." मग तिचा आवाज उतरला. "जाऊन ये. का मी जाऊ? चिठ्ठीचं साहेबांना काय सांगायचं ते मी बघेन."

"मी जाते. माझी बाजू आहे."

नवी डबी पिशवीत टाकून ती निघाली ती जावेला खोटं पाडायला. वाटभर वाक्यं जुळवत होती. संध्याकाळी घरी काय सांगायचं, कोणत्या सुरात सांगायचं, सासूबाई कुठे बसलेल्या असतील तेव्हा सांगायचं.

पेटीवाल्याची ठाणठाण लांबूनच ऐकू येत होती. तिने काकूचं दार वाजवलं. ओ नाही. पुन्हा वाजवलं. आतून कडी. तिने दाराला कान लावला, पण पेटीवाल्यापुढे काही ऐकू येईना. ती त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "जरा थांबता का?"

त्याने हातोडा खाली ठेवला.

सगळं शांत झालं, आणि मग काकूच्या घरातून आवाज आला. टण. थोडा वेळ गेला. टण. आणखी थोडा वेळ. टण.

"हे कधीपासून?" धाकटीने विचारलं.

पेटीवाला गोंधळला. "मला वाटलं माझ्याच ठोकण्याचा आवाज भिंतीवरून परत येतोय."

दार त्याने पहारीने उचकटलं. काकू चुलीशेजारी कुशीवर पडली होती. गुरुवारी पहाटे लाकूड उचलताना पाय सरकला; खुबा मोडला होता. पाण्याची कळशी हाताशी आडवी झालेली, तळाशी घोटभर पाणी. उजव्या हातात चिमटा. त्या चिमट्याने ती चुलीच्या पत्र्यावर मारत होती. तीन ठोके, मग थांबा. पत्र्यावर तेवढ्या जागी रंग उडून चकचकीत ठिपका पडला होता.

डबी चुलीच्या पायाला घट्ट बांधलेली. तिच्यावर राखेचा कणही नव्हता.

धाकटीने काकूचं डोकं मांडीवर घेतलं. ओठांना पाणी लावलं. काकूने डोळे उघडले, तिला ओळखायला थोडा वेळ घेतला, आणि ओळखल्यावर तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

"म्हटलंच मी," ती पुटपुटली. "डबी सांगेल तुला. आज नाही तर उद्या सांगेल."

थोरली दवाखान्यात आधीच पोहोचली होती. तिला पेटीवाल्याने फोन केला होता, धाकटीने नाही. डॉक्टरांशी ती बोलली, औषधं तिने आणली. काकूचे केस ओल्या फडक्याने पुसून तिची छोटीशी वेणी घातली. काकूने तिचा हात धरला तो सोडेना. धाकटी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. काकूचा दुसरा हात चादरीवर मोकळाच होता. त्यात सलाइनची सुई होती, धरता येत नव्हता. आणि अशा वेळी, सगळं कळून चुकल्यावरही, धाकटीच्या मनात ते जुनं दुखणं उठलंच. तो हात हिलाच का. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली.

थोड्या वेळाने थोरली येऊन शेजारी टेकली.

"तुम्ही बोलत का नाही काही?" धाकटी म्हणाली.

"काय बोलू?"

"बोला ना. मी काय केलं ते."

थोरली आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "मी शुक्रवारी पुलापर्यंत आले होते," ती म्हणाली. "फळीवर उभी होते. मग म्हटलं, तिची बाजू आहे, तिलाच जाऊ दे. परत फिरले. मनात म्हटलं, जाऊ दे सपाट. फजिती होईल तेव्हा कळेल हिला. आता तू बोल, मला काय बोलायचं ते."

पाळणाघरातून चिमीला आणायची वेळ झाली होती. दोघी बरोबरच उठल्या.

काकूचं ऑपरेशन झालं. महिन्याने पुतणी आली आणि तिला शहरात घेऊन गेली. एकटीने राहणं आता शक्य नव्हतं. निघताना काकूने घराची किल्ली थोरलीला दिली आणि धाकटीला म्हणाली, "माझी रेघ सांभाळ गं." आपल्या रेघेवर तिचा भारी जीव. तिला कुणीच सांगितलं नव्हतं की चूल पेटवायला माणूस नसलं की रेघ सपाटच राहते.

पडताळणीवाली बाई त्यानंतरच्या आठवड्यात आली. किडकिडीत, पाठीवर पिशवी, घराघरांत वाकून चुलीच्या तोंडात हात घालणारी. ती येण्याच्या आदल्या दिवशी धाकटी साहेबांसमोर फॉर्म घेऊन उभी राहिली.

"सर, सत्तावीसचा चार खोडून दोन करायचाय."

साहेबांनी आटलेलं पेन झटकलं. "कशाला? ती बाई पडली. चूल तिने काय मुद्दाम बंद ठेवली? राहू दे चार. कोणाचं काही बिघडत नाही."

"डबी बिघडली नव्हती सर. मला माहीत होतं."

"दोन केलंस तर तुमची बरोबरी होते. कळतंय ना?"

"हो."

"खोडाखोड दिसेल. त्याखाली तुझी सही लागेल. उद्या विचारतील, आणखी किती चार असे आहेत म्हणून."

"मग मोजू दे त्यांना," धाकटी म्हणाली. "नाहीतर पुन्हा कोंबड्याच ना सर."

पडताळणीवाल्या बाईने खरोखरच सगळे चार तपासले, पूर्ण दोन दिवस घालवून. बाकीचे खरे निघाले. टेकडीपलीकडच्या तीनशे चुली मंजूर झाल्या, आणि पर्यवेक्षक म्हणून थोरलीचं नाव लागलं. त्या दिवशी सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, थोरली ओशाळून हसली, आणि धाकटीला, नाही म्हटलं तरी, जिथे टोचायचं तिथे टोचलंच. हे काही एका दिवसात जाणारं नव्हतं. सोमवारपासून थोरली पहाटेच टेकडीकडे निघायची, आणि चिमी अंगणात उभी राहून रिकाम्या दाराकडे हात पसरायची. मग वळून आईकडे यायची. धाकटी तिला उचलायची, फार घट्ट न धरता.

जायच्या आधी पडताळणीवाली बाई म्हणाली होती, "शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका. नव्या नियमाने अहवाल सगळ्यांना खुला असतो. विकत घेणारे वाचतात, कोणीही वाचतं."

"खरंच वाचतात?"

"आकडे वाचतात. पण शेरा असला तर नजर जातेच."

रकाना चार ओळींचा होता. धाकटीने आधी वहीत लिहून पाहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कणांबद्दलचं वाक्य काढून टाकलं. स्वतःबद्दलची दोन वाक्यं काढली, मग त्यातलं एक परत घातलं. शेवटी तिने शेरा नीट अक्षरात उतरवला. जागा पुरली नाही तेव्हा ओळ समासात वळवली.

'घर क्रमांक सत्तावीस. डबी चांगली होती. रेघ सपाट होती, तिसऱ्या दिवसापर्यंत मी दार वाजवलं नाही. काकू आता शहरात पुतणीकडे असतात, कालव्यामागची गल्ली, जिन्याखालची खोली, निळं दार. पुतणी दिवसभर कामावर असते. तिथे आमची डबी नाही, त्यामुळे मला इथून काही दिसत नाही. हे वाचणारं कोणी त्या बाजूला राहत असेल तर एकदा जाऊन यावं, सहाच्या सुमाराला गेलात तर त्यांना बरं वाटेल. दार वाजवल्यावर लगेच परत फिरू नका. त्यांना उठायला वेळ लागतो.'